चौदा नंबरची बरणी

सकाळी साडेसातला अक्काने भावाच्या उशाशी पाटी ठेवली, पाटीवर पेन्सिल ठेवली, आणि पेन्सिल गडगडून खाली पडू नये म्हणून तिच्याखाली रुमालाची घडी सारली. मग स्टुलावर बसून तिने आजूबाजूच्या वस्तू मोजल्या. सलाईनची बाटली एक, पाण्याचा तांब्या एक, चमचा एक, चादरी दोन, पिशवी एक, पिशवीत टॉवेल, कंगवा, चपला. सगळं जागेवर होतं.

मोजण्याची ही सवय तिला नोकरीने लावली होती. बस महामंडळाच्या हरवलं-सापडलं विभागात ती सव्वीस वर्षं होती आणि शेवटची नऊ वर्षं त्या विभागाची प्रमुख. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा एक कृत्रिम पाय, एकदा पिंजऱ्यासकट पोपट. इतक्या वर्षांत तिची दोन मतं पक्की झाली होती. पहिलं, वस्तू आपल्या पायांनी कुठे जात नाही; कुणाला तरी हात मोकळा करायचा असतो, म्हणून तो ती खाली ठेवतो. दुसरं, खऱ्या मालकाला वस्तूचं वर्णन धड करता येत नाही. छत्रीची मूठ कशी होती ते त्याला आठवत नाही. पण ती कुठे टेकवून ठेवली होती, शेजारी कोण बसलं होतं, खिडकी उघडी होती की बंद, हे तो डोळे मिटून सांगतो. वस्तूचं चोख वर्णन करणारा बहुधा चोर असतो. रुग्णालयाच्या वॉर्डात, मधल्या खिडकीखालच्या चौदा नंबरच्या खाटेवर आता तिचा धाकटा भाऊ डोळे मिटून पडला होता.

शाळेत तो खेळाचा शिक्षक होता. त्याच्या आवाजामुळे अख्खी शाळा त्याला भोंगा म्हणायची. तीन मैदानं पलीकडची पोरंसुद्धा त्याच्या एका हाकेने रांगेत यायची. आईवडील गेल्यापासून घरात ही दोघंच. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या गळ्याला डाव्या बाजूने गाठ आली, ती वाढत लिंबाएवढी झाली, आणि काल संध्याकाळी सर्जनने ती काढली. दोन दिवस एक शब्द बोलायचा नाही, अशी ताकीद होती. म्हणून पाटी.

आठाच्या सुमाराला त्याने डोळे उघडले, खुणेने पाटी मागितली आणि लिहिलं, ‘भोंगा बंद. शाळेत सुट्टी दिली असेल.’

“गप्प पड,” अक्का म्हणाली. “इतकी वर्षं तुझ्या तोंडावर कुणी तरी पाटी मारायला हवी होती.”

तो ओठांच्या कोपऱ्यातून हसला. टाके ओढले गेले तसा कळवळला, आणि पुन्हा ग्लानीत गेला. अक्काने पाटी पुसली. दहा मिनिटांनी पेन्सिलीचा आवाज आला म्हणून तिने वळून पाहिलं. डोळे मिटलेले होते, हात मात्र चालत होता.

‘थंडी.’

तिने दुसरी चादर पांघरली. हात पुन्हा चालला.

‘सगळीकडून.’

तिने सिस्टरला बोलावलं. सिस्टर मध्यम वयाची, कमी बोलणारी बाई होती. तिने कपाळाला हात लावला, तापमापक लावला, पायाचे तळवे दाबून पाहिले. “अंग गरम आहे, मॅडम. भूल उतरताना असं वाटतं. काही जण तर आमच्याशी भांडतात.”

हे पटण्यासारखं होतं आणि अक्काने ते मान्य केलं.

*

नऊ वाजता ती प्रयोगशाळेच्या खिडकीशी गेली. प्रयोगशाळा रुग्णालयाच्या मागे, अंगण ओलांडून वेगळ्या बैठ्या इमारतीत होती. खिडकीत एक चष्मेवाला कारकून रजिस्टर उघडून बसला होता.

“कालच्या गाठीचा अहवाल कधी मिळेल? खाट चौदा.”

कारकुनाने बोट वरून खाली नेलं, पान उलटलं, पुन्हा वरून खाली नेलं. “चौदाचं काही आलेलं नाही.”

“काल संध्याकाळी सहाला पाठवलंय.”

“पाठवलं असेल. आलेलं नाही.” त्याने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. हे त्याने चांगलं केलं, आणि अक्काच्या ते लक्षात राहिलं. काल संध्याकाळी पाचनंतर एकही नोंद नव्हती.

अक्का तिथेच उभी राहून आठवू लागली. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी वॉर्डातले शिपाई मामा बरणी घेऊन उभे होते. पांढऱ्या झाकणाची, तळहाताएवढी प्लॅस्टिकची बरणी, आत औषधाचं पाणी. मामा म्हणाले होते, “बाई, प्रयोगशाळा मागेच आहे. आमच्याकडे नातेवाईकच नेऊन देतात.” ती म्हणाली होती, “ते तुमचं काम आहे. माझा भाऊ आत बेशुद्ध आहे, मी इथून हलणार नाही.” मामांनी नाक मुरडलं होतं, “बरं, देतो मी,” म्हटलं होतं आणि जिन्याकडे गेले होते. त्यांची पाठ वळल्यापासूनचं तिला काहीच माहीत नव्हतं.

म्हणजे बरणी जिना आणि खिडकी यांच्या मध्ये कुठे तरी होती. मामांनी हात मोकळा केला होता.

*

परत आली तेव्हा खिडकीतून आलेलं ऊन भावाच्या चेहऱ्यावर सरळ पडलं होतं. पापण्या उन्हाने लाल दिसत होत्या. पाटीवर लिहिलेलं होतं, ‘दिवा लाव ना.’

तिने पडदा थोडा ओढला. मग काय करतोय आपण, असं वाटून पुन्हा सोडला.

साडेदहाला सर्जन फेरीवर आला. जखम पाहून खूश झाला. अक्काने बरणीचं सांगितल्यावर त्याची खुशी मावळली.

“नीट शोधा,” तो म्हणाला. “ती गाठ पुन्हा मिळणार नाही. साधी होती की वाईट, ते फक्त तीच सांगू शकते.”

“आणि नाहीच मिळाली तर?”

“तर मला अंदाजाने जावं लागेल.” तो आवाज खाली आणून बोलला. “गरज नसताना पुढचे उपचार दिले तर याचा आवाज जाईल, कायमचा. गरज असताना दिले नाहीत तर…”

“तुमच्याच माणसाने हरवलीय,” अक्का म्हणाली.

“व्यवस्थापकांना भेटा,” सर्जन म्हणाला, आणि पुढच्या खाटेकडे गेला.

व्यवस्थापकाच्या खोलीत गारवा होता आणि टेबलावर एकही कागद नव्हता. ज्याच्या टेबलावर कागद नसतो त्याचं काम दुसरं कुणी तरी करत असतं, हे अक्काला ठाऊक होतं. त्याने फाइल मागवली, आरामात चाळली, आणि एक पान तिच्यापुढे सरकवलं.

‘नमुना नातेवाइकाच्या ताब्यात दिला.’ खाली सही. सही तिची होती.

काल सर्जनने बाहेर येऊन “गाठ पूर्ण निघाली” म्हटलं, आणि त्याच क्षणी कुणी तरी आठ कागद तिच्यापुढे धरले, इथे, इथे आणि इथे. ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ असा फलक ज्या बाईने स्वतःच्या हाताने रंगवून कार्यालयाच्या खिडकीत टांगला होता, तिने आठही ठिकाणी न वाचता सह्या केल्या होत्या.

“सही तुमचीच ना?”

“सही माझी आहे. बरणी माझ्याकडे आली नाही.”

“कागद काय म्हणतो?”

“कागद खोटं बोलतोय.”

“म्हणजे तुम्ही खोट्या कागदावर सही केलीत?” व्यवस्थापकाने सहानुभूतीने मान हलवली. “होतं असं. घाईत माणूस कुठे तरी ठेवून विसरतो. घरी पाहिलंत का? पिशवीत?”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ऐकायला अक्का रोजच सरावलेली होती. पण त्या नेहमी खिडकीच्या पलीकडून येत. आज पलीकडे ती स्वतः उभी होती. ती ओरडली नाही. ओरडणाऱ्या माणसाची तक्रार कशी लिहून घेतली जाते हे तिला माहीत होतं: ‘इसम उत्तेजित.’

“तुमचे मामा कधी येतात कामावर?”

“दोनला. पण बाई, त्यांच्यावर विनाकारण आळ…”

“मी आळ घेत नाही. मी विचारणार आहे. आणि बरणी मिळाली तर आजच्या आज तपासायला घ्यायची, हे मला आत्ता तुमच्या हातचं लिहून द्या. तुम्ही म्हणता ना, माझ्याचकडे आहे. मग लिहून द्यायला काय जातंय?”

व्यवस्थापकाने लिहून दिलं. बरणी मिळणार नाही याची त्याला खात्री असावी, कारण सही करताना तो किंचित हसला.

*

बारा वाजता पाटीवर तीन ओळी होत्या. अक्षर वेडंवाकडं होतं, पण भावाचंच होतं. त्याच्या ‘क’ला आणि ‘ख’ला लहानपणापासून पोट जास्त.

‘पंखा खडखडतो.
वर कपडे लटकतात.
इथून कुणी जातच नाही.’

अक्काने छताकडे पाहिलं. वॉर्डात पंखा नव्हता. गार हवेची जाळी होती, तीही आवाज न करणारी. लटकलेले कपडे नव्हते. आणि सकाळपासून त्या खाटेशेजारून किमान चाळीस माणसं गेली असतील.

“याने हे कधी लिहिलं?” तिने सिस्टरला विचारलं.

“मघाशी. झोपेतच. मी विचारलं, कुठला पंखा? तर ऐकूच गेलं नाही. पण मॅडम, नाडी ठीक आहे, रक्तदाब ठीक आहे. मी दर तासाला बघतेय.” सिस्टरने चादर सारखी केली. “फक्त थंडी वाजतेय त्यांना. अंगाला नाही. म्हणजे, अंग थरथरत नाही. पण लिहितात.”

साडेबाराला तो पूर्ण जागा झाला, चार चमचे पाणी प्यायला. अक्काने विचारलं, “थंडी वाजतेय?” त्याने मान हलवली, नाही. “पंखा कुठला?” त्याने भुवया उंचावल्या. तिने पाटी दाखवली. त्याने ती वाचली, बराच वेळ वाचली, आणि खाली लिहिलं, ‘मी? कधी?’

मग डोळे मिटले. अक्काने हे ‘मी? कधी?’ पुसलं. वरच्या तीन ओळी पुसायला हात गेला नाही.

तिच्या खिडकीत येणारा खरा मालक असाच बोलायचा. कपडे लटकत होते साहेब, पंखा होता एक मोडका. वस्तूचं नाव नाही, रंग नाही. फक्त जागा. हा विचार तिला आला, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून असलं सुचतंय. ती खाली जाऊन दोन केळी खाऊन आली.

*

दोनला पाच कमी असताना ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. बरोबर दोनला मामा तळघराच्या बाजूने वर आले, गणवेशाच्या गुंड्या लावत.

“मामा, काल बरणी कुठे ठेवलीत?”

मामांनी कानांवर हात ठेवले, अगदी खरोखर. “मॅडम, तुमच्या हातात दिली की! सही बघा.”

“सही बघितली. तुम्ही या जिन्याने खाली गेलात. हातात बरणी होती. मी बघत होते.”

“आम्ही दिवसाला पन्नास बरण्या नेतो. एक एक कुठे लक्षात राहणार?”

“मघाशी माझ्या हातात दिल्याचं लक्षात होतं.”

मामांचा चेहरा दगडासारखा झाला. “साहेबांचा फोन आला होता मला. साहेब म्हणाले, कागद पक्का आहे, तू काही बोलू नकोस. मी काही बोलणार नाही.” आणि ते बादली उचलून चालते झाले.

म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. एका माणसाचा जीव, त्याचा आवाज, एका पांढऱ्या झाकणाखाली कुठे तरी पडला होता, आणि ही मंडळी कागद पक्का आहे म्हणून निवांत होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण तिने हजारदा ऐकली होती. पीठ आपलं असलं की ती वेगळी ऐकू येते.

ती तावातावाने वॉर्डात शिरली. सिस्टर खाटेशेजारी उभी होती, हातात पाटी.

“आत्ता लिहिलं. दोनच्या ठोक्याला.”

‘दार वाजलं.
कुणी डबा ठेवला शेजारी.
गरम आहे. बरं वाटलं.
दार लागलं. पुन्हा अंधार.’

अक्काने ते दोनदा वाचलं. मग तिने आपण मघाशी काय पाहिलं ते आठवलं. मामा तळघरातून वर आले होते. गुंड्या लावत. हातात काही नव्हतं. दुपारची पाळी करणारा माणूस घरून डबा आणतोच. तो डबा त्यांनी वर येण्याआधी कुठे तरी ठेवला होता.

“सिस्टर, वॉर्डातली माणसं कपडे कुठे बदलतात?”

“खाली. तळघरात. कपाटं आहेत त्यांची.”

“तिथे पंखा आहे?”

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. “आहे,” ती म्हणाली. “खडखडतो.”

*

तळघरातली खोली लांबट होती. एका भिंतीला लोखंडी कपाटांची रांग, वरच्या दांडीवर गणवेश लटकलेले. भिंतीतल्या भोकात एक जुना पंखा फिरत होता आणि दर फेऱ्याला जाळीला घासत होता. अक्का मामांना तासभर शोधून, बादलीसकट, सिस्टरसोबत खाली घेऊन आली होती.

“उघडा.”

“मॅडम, खासगी कपाट आहे माझं.”

“मामा, उघडा,” सिस्टर म्हणाली. ती दिवसभरात पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

मामांनी किल्ली काढली. दार वाजलं. आत एक पिशवी, एक छत्री, पितळी डबा, आणि डब्याला चिकटून पांढऱ्या झाकणाची बरणी. बरणीवर पट्टी, पट्टीवर कालची तारीख, खाट चौदा.

“शेवटची गाडी सुटत होती,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “खिडकीत कुणी नव्हतं, थांबलो असतो तर अर्धा तास गेला असता. म्हटलं उद्या देऊ. आज निघायच्या आधीच साहेबांचा फोन आला, बोलू नकोस. आता मध्येच कशी काढून देऊ? नोकरी जाईल हो माझी.”

अक्काला पुष्कळ काही म्हणायचं होतं. सकाळपासून एक एक वाक्य ती घासून ठेवत होती. पण तिने कपाटात हात घातला आणि बरणी उचलली, आणि त्या क्षणी ती सगळी वाक्यं तिच्या डोक्यातून गेली.

बरणीची डब्याकडची बाजू कोमट होती. दुसरी बाजू गार.

अंगण ओलांडताना वारा सुटला होता. खिडकीशी पोचल्यावर कारकून तिच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहू लागला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की वाटेत कधी तरी तिने आपली ओढणी काढून बरणीभोवती दोन पदरी गुंडाळली होती.

व्यवस्थापकाचं लिहून दिलेलं तिने काउंटरवर ठेवलं. “आजच्या आज.”

कारकुनाने ते वाचलं, आणि तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. “आमच्या साहेबांनी हे लिहून दिलं? बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या.” त्याने रजिस्टरमध्ये नोंद केली, तिला दाखवली. “डॉक्टर पाचला बसतात कापायला. पहिली तुमचीच घेतो.”

ओढणी सोडून घेताना अक्काने पहिल्यांदा आत पाहिलं. पिवळट, गोलसर, एका बाजूने चपटं. लिंबाएवढंही नव्हतं. तिने नजर काढून घेतली.

*

चार वाजून दहा मिनिटांनी ती वॉर्डात आली. दिवसभरात पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं. जिंकल्यासारखं. सर्जनला सांगायचं होतं, व्यवस्थापकाची लेखी तक्रार करायची होती, मुद्देसूद, तारीखवार.

भाऊ शांत झोपला होता. पाटी छातीवर होती.

‘किती घट्ट धरलं होतंस, अक्का.’

ती स्टुलावर बसली.

बराच वेळ ती तशीच बसून राहिली. मग तिने पाटी उचलली, पुसली, आणि परत त्याच्या हाताखाली ठेवली. नको होतं ठेवायला. पण तिला उत्तर हवं होतं.

“कुठे आहेस?” तिने हळूच विचारलं.

हात उठला. डोळे मिटलेलेच.

‘उजेड आहे. फार.
टेबल पांढरं.
माणूस हात धुतोय.’

भिंतीवरच्या घड्याळात चार चाळीस झाले होते.

‘अक्का, ने ना मला इथून.’

ती उठली. दारापर्यंत गेली. अंगण ओलांडायला चार मिनिटं. खिडकीवर हात आपटून थांबा म्हणायला एक. ते थांबले असते. कागद तिचाच होता, मागे घेणारी तीच. आणि मग बरणी ओढणीत गुंडाळून घरी न्यायची. उबेत ठेवायची. आणि सर्जनने अंदाजाने जायचं.

दारात ती थांबली.

सकाळी नऊपासून ती ज्याच्यासाठी भांडली होती, ते आता वीस मिनिटांवर होतं.

ती मागे वळली.

“सिस्टर, याचं दुखायचं इंजेक्शन कितीला आहे?”

“पाचला.”

“आत्ता द्या. आणि झोपेचंही द्या. गाढ झोपेचं.”

“दुखतंय का त्यांना?”

“दुखेल,” अक्का म्हणाली.

सिस्टरने वर जाऊन कनिष्ठ डॉक्टरला विचारलं, परत आली, सुई भरली. चार पन्नासला तिने इंजेक्शन दिलं. भावाची बोटं सैल झाली, पेन्सिल चादरीवर पडली. अक्काने त्याचे दोन्ही हात चादरीखाली घातले आणि चादर दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचली. पाटी पुसली आणि पेन्सिलीसोबत पलीकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर उपडी ठेवली.

“मी पोचपावती घेऊन येते. याच्यापाशीच थांबाल?”

“थांबते.”

*

प्रयोगशाळेच्या खिडकीशी ती उभी राहिली. आतलं दार बंद होतं. दाराखालच्या फटीतून पांढरा उजेड येत होता. पाच वाजले. पाच दहा. आतून पाण्याचा नळ सुटल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा.

साडेपाचला कारकून बाहेर आला.

“डॉक्टर म्हणाले, पक्कं चार दिवसांनी सांगू. पण डोळ्यांना तरी साधी दिसतेय. कडा स्वच्छ आहेत. त्यांचा डोळा सहसा चुकत नाही.” तो मनापासून हसला. “जिंकलात, बाई.”

अक्काने काउंटर धरला.

“पावती,” ती म्हणाली.

“ती मागणारच तुम्ही.” त्याने छापील कागदावर भराभर लिहिलं. “सहा भाग केलेत. पाच पूर्ण, सहावा नुसता कोपरा, उरलेला. सगळे मेणात बसवून ठेवतात.”

या खेपेला अक्काने कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. ‘खाट चौदा. एकूण भाग सहा. जतन करण्याची मुदत दहा वर्षे. मुदतीत मागणी न आल्यास विल्हेवाट लावण्यात येईल.’ शेवटचं वाक्य तिच्या ओळखीचं होतं. तिच्या कार्यालयाच्या पावतीवर हेच छापलेलं होतं; फक्त तिथे मुदत नव्वद दिवसांची होती.

ती वॉर्डात आली तेव्हा भाऊ गाढ झोपला होता. चादर तिने खोचली होती तशीच खोचलेली होती. सिस्टर स्टुलावरून उठली.

“हलले पण नाहीत. एकदा, पाच वाजून गेल्यावर, श्वास जरा अडखळला. तेवढंच. नाडी उत्तम.” ती पुढे म्हणाली, “थंडीचंही काही नाही आता.”

“तुम्ही उठला होतात?”

“नाही.”

अक्काने त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ सुखाचं, कोमट होतं. चार दिवसांनी डॉक्टरांचं खरं ठरलं तर तो महिन्याभरात मैदानावर उभा राहील आणि तीन मैदानं पलीकडची पोरं रांगेत येतील. तिने पावतीची चौघडी केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मग ती पेन्सिल उचलायला खिडकीकडे गेली.

पेन्सिल होती तिथेच होती. पाटीही उपडीच होती. तिने ती उलटी करून पाहिली. खालची, लिहायची बाजू कोरी होती. तिने पुसली होती तशी.

मग तिने वरची बाजू पाहिली, जी इतका वेळ छताकडे तोंड करून होती.

एकाखाली एक लिहिलेलं होतं. पोट जास्त असलेली अक्षरं, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा जरा बारीक.

अक्का
अक्का
अक्का
अक्का
अक्का
अ